शेवटचा हात कोणाचा

आमच्या अमरावतीच्या रायफल क्लबचा मला वीट आला आहे. सतरा वर्षं मी त्याचा सभासद होतो आणि त्यातली नऊ वर्षं कायदेशीर सल्लागार, म्हणजे फुकटचा वकील. कोर्टासमोर माझं नोटरीचं टेबल आहे. दिवसभर लोक माझ्यासमोर शपथेवर खरं सांगतात आणि मी शिक्का मारतो. संध्याकाळी क्लबचे परवाने, अर्ज, नूतनीकरण. यंदा दिवाळीनंतर मी राजीनामा दिला, म्हणून आता मोकळेपणाने बोलतो.

क्लबमध्ये नेम धरणारे आठ होते आणि फोटो काढून घेणारे चाळीस. मैदान शहराबाहेर टेकडीच्या पायथ्याशी. भिंतीवर 'थुंकू नये' असं लिहिलेलं आणि त्या अक्षरांवरच खर्ऱ्याच्या पिचकाऱ्या. सेक्रेटरी खुशालराव कापडाचे व्यापारी. जत्रेतल्या फुग्यांपलीकडे त्यांनी कशावर नेम धरल्याचं मी पाहिलं नाही, पण खुर्चीत बसून 'श्वास रोक, श्वास रोक' असं ओरडायची त्यांना भारी हौस. उंटावरून शेळ्या हाकणं म्हणतात ते हेच.

या सगळ्यात एकच माणूस स्वच्छ होतं, आणि त्या माणसाने आयुष्यात एकही गोळी झाडलेली नव्हती. प्रमोदिनीताई.

ताई मूळच्या अचलपूरच्या. वडील भिक्षुकी करायचे, मुहूर्त काढून द्यायचे. पंचांगाचं गणित त्यांनी मुलीला शिकवलं आणि मुलीने मुहूर्त सोडून गणित तेवढं ठेवलं. तीस वर्षं मुलींच्या शाळेत शिकवून त्या निवृत्त झाल्या. आता राजापेठेत एका चपलांच्या दुकानावर दोन खोल्यांत त्यांचा क्लास आहे. जिन्यावर पोरांच्या सायकली, खाली स्कूटरचे हॉर्न, वर फळ्याशी ताई. उत्तर बरोबर आलं आणि रीत चुकली तर त्या अर्धा गुणही देत नाहीत. 'अंदाजपंचे दाहोदरसे माझ्याकडे चालत नाही,' हे वाक्य राजापेठेतल्या तीन पिढ्यांनी खाली मान घालून ऐकलेलं आहे.

त्यांचा भाचा पुष्कर कॉलेजात असताना आमच्या क्लबमध्ये यायचा. त्याने एकदा मावशीला विचारलं, शंभर मीटरवर बरोबर मध्ये लागणारी गोळी तीनशेवर खाली का पडते, आणि दुर्बिणीची घुंडी किती फिरवायची? पुष्कर पुढे नोकरीला पुण्याला गेला, प्रश्न मात्र ताईंकडेच राहिला. दुसऱ्याच रविवारी त्या रिक्षा करून मैदानावर आल्या, कानात कापसाचे बोळे घातले आणि वही उघडून बसल्या. त्याला आता अकरा वर्षं झाली.

त्यांचा हिशोब सातवीतल्या पोरालाही कळावा. रायफलवरच्या दुर्बिणीला वर एक घुंडी असते. ती फिरवली की कट कट आवाज होतो. त्या एकेक आवाजाला आम्ही क्लिक म्हणतो. आमच्या दुर्बिणीत एका क्लिकने शंभर मीटरवर गोळी एक सेंटिमीटर वर सरकते. तीनशेवर तीन सेंटिमीटर. आमची गोळी तीनशे मीटरला अठ्ठेचाळीस सेंटिमीटर खाली उतरते. अठ्ठेचाळीस भागिले तीन, सोळा क्लिक. एप्रिल-मेमध्ये आपल्या वऱ्हाडात ऊन असं तापतं की काडतूस जास्त जोर करतं आणि हवाही विरळ होते. मग गोळी पंचेचाळीसच उतरते आणि पंधरा क्लिक पुरतात. हे 'पंधरा' काढायला ताई मे महिन्यात भर दुपारी छत्री आणि थर्मामीटर घेऊन चार रविवार मैदानावर बसल्या होत्या. तेव्हा खुशालराव कूलरपुढे बसून मला म्हणाले, 'बाई भल्ली हट्टी हाये वकीलसाहेब. एका क्लिकनं का होते?' मी हसलो. तेव्हाचं ते हसणं आठवलं तरी आता तोंड कडू होतं.

प्रत्येक रायफलचं एक कार्ड ताईंनी केलं होतं. लग्नाच्या जुन्या पत्रिका कापून, त्यांच्या कोऱ्या बाजूवर. एकीकडे वधूवरांची नावं, दुसरीकडे अंतर, तापमान आणि क्लिक. कार्डाच्या खाली तीन रकाने होते: तारीख, किती, कोणी. घुंडीला ज्याचा हात लागेल त्याने किती फिरवली ते लिहून सही करायची, मग तो नेमबाज असो नाहीतर झाडूवाला. 'शेवटचा हात कोणाचा हे कळलं पाहिजे,' ताई म्हणायच्या. 'घुंडी खोटं बोलत नाही, पण पूर्ण खरंही सांगत नाही. ते कार्ड सांगतं.'

हा नियम मनापासून पाळणारी एकच मुलगी होती. साधना. बार्शीटाकळीच्या शेषरावांची लेक. त्यांचं भाजीपाल्याचं शेत आहे. भेंडी, मेथी, वांगी, अकोल्याच्या बाजारात विकतात. साधना आठवीपासून अमरावतीत मामांकडे शिकायला राहिली होती आणि ताईंच्याच क्लासमधून क्लबमध्ये आली. स्वतःची रायफल नाही. क्लबची दोन नंबरची रायफल ती वापरायची. अंगापिंडाने किरकोळ, पण जमिनीवर पालथी पडून तिने बंदूक खांद्याला लावली की हलायची नाही. तिच्या कार्डावरची अक्षरं सरळ आणि सह्या न चुकता.

यंदा तिचं ज्युनियर गटातलं शेवटचं वर्ष होतं. दसऱ्यानंतरच्या रविवारी अकोल्याबाहेरच्या मैदानावर विभागाची निवड होती. पहिल्या दोघींना राज्याच्या प्रशिक्षण केंद्रात तीन वर्षांसाठी जागा, राहणं-खाणं आणि रायफलसकट. तिसरीला काही नाही. शेषरावांनी लेकीला सरळ सांगितलं होतं, 'यंदा झालं त झालं. नाई त वापस ये, मले एकट्याले वावर निभत नाई.' ते वाईट बोलले असं मला वाटलं नाही. त्यांच्या जागी मी असतो तर चार वर्षं आधीच बोललो असतो.

आता खंडेनवमी. दरवर्षी क्लबमध्ये शस्त्रपूजन होतं. टेबलावर लाल कापड, त्यावर रायफली, झेंडूच्या माळा, हळदकुंकू, नारळ. पूजेला माझी हरकत नाही. आमच्या घरी त्या दिवशी विळीसुद्धा पुजतात. हरकत त्यानंतरच्या तमाशाला आहे. कागदी द्रोणांतले तेलकट समोसे, भाषणं, आणि पाहुणा म्हणून आणलेला कुणी माजी कोणीतरी. ताईंच्या क्लासमध्ये त्या दिवशी परीक्षा होती, साधनाही मदतीला तिथेच. सकाळीच त्यांचा मला फोन आला. 'वकीलसाहेब, पूजा करा, फुलं वाहा, पण घुंडीला कुणाचा हात लागू देऊ नका. लागलाच तर कार्डावर लिहा. रविवारी मुलीची निवड आहे.' मी म्हणालो, निश्चिंत राहा.

पाहुणे आले. पांढरे बूट, मनगटाला चार दोरे. फोटोसाठी त्यांनी नेमकी दोन नंबरची रायफल उचलली आणि घुंडी फिरवून पाहिली. आवाज आवडला असावा.

'हे कायले असते?' त्यांनी विचारलं.

'निशाना लावाले, साहेब,' खुशालराव म्हणाले.

'रेडिओसारखं हाये की.' आणि ते कट कट कट फिरवत राहिले. फोटोवाला म्हणाला इकडे पाहा, ते पाहत होते. बोटं फिरतच होती. समोशाचं तेल लागलेली बोटं. मला किळस आली आणि मी मूग गिळून उभा राहिलो, कारण माझ्या धाकट्या भावाचं एक काम त्या माणसाकडे अडकलं होतं. ही खरी गोष्ट आहे आणि ती मी लपवत नाही.

रायफल परत टेबलावर आली तेव्हा घुंडीवरचा आकडा भलतीकडेच होता. कार्डावरची शेवटची नोंद साधनाची होती: सोळा वर, सोळा खाली, शून्य, सही. मला वाटलं आपण नीटनेटकं करून ठेवू. ज्या बाजूला शून्य जवळ दिसला त्या बाजूला मी घुंडी फिरवली आणि शून्य रेघेवर आणून ठेवला. खुशालराव म्हणाले, 'वा, जाणकार माणूस असला की असं असते.' मी शाबासकी घेतली. कार्ड शेजारीच होतं आणि पेन माझ्या खिशात होतं. लिहिलं असतं तर कुणी फिरवली, कशी फिरवली, हे सांगावं लागलं असतं, आणि पाहुणे तिथेच बसले होते. मी लिहिलं नाही. त्यानंतर गुरुजींनी प्रत्येक रायफलला ओल्या हळदकुंकवाचं बोट लावलं, ते नेमकं घुंडीच्या बुडाशी. रायफली कपाटात गेल्या आणि रविवारपर्यंत कुलूप.

मला जे ठाऊक असायला हवं होतं ते असं. आमच्या दुर्बिणीची घुंडी एका फेऱ्यात पन्नास क्लिक जाते आणि पुन्हा शून्य दाखवते. फेरा किती झाला ते घुंडीखालच्या दांड्यावरच्या बारीक आडव्या रेघांवरून कळतं. एक फेरा वर गेली की एक रेघ जास्त दिसते. सतरा वर्षांच्या सभासदाला हे माहीत होतं. त्या क्षणी त्याने डोकं वापरलं नाही.

रविवारी सकाळी नऊला अकोल्याच्या मैदानावर आम्ही सगळे होतो. ताई छत्री, वही, थर्मामीटर घेऊन. शेषराव पहाटे बाजारात मेथी टाकून तसेच आले होते, पायजम्याला अजून चिखल. मला म्हणाले, 'मले यातलं काई समजत नाई वकीलसाहेब, तुमी सांगत जा.' आणि ते माझ्या शेजारी उभे राहिले.

नियम साधा होता. दहा मिनिटं सरावाच्या गोळ्या, मग मोजणीच्या वीस. साधनाने कार्ड पाहिलं. शेवटची नोंद तिचीच, शून्य. घुंडीही शून्यावर. तिने सोळा क्लिक मोजले, पडली आणि पहिली गोळी झाडली.

कागदावर भोक नव्हतं. तिने पुन्हा झाडली. नव्हतं. तिसरीलाही नव्हतं. पावसाळ्याचं गवत अजून मागच्या बांधावर हिरवंगार होतं, त्यामुळे गोळी कुठे बसली त्याची धूळसुद्धा उडेना. पोरगी मान उचलून घुंडीकडे बघत होती. सोळाच होते.

तिसऱ्या गोळीला मला कळलं. माझ्या बोटांना ते कट कट आठवलं. आपण शून्य पुढचा गाठला, मागचा नाही, हे मला तिथे उभ्या उभ्या अगदी स्वच्छ दिसलं. दोन पावलं पुढे जाऊन ताईंच्या कानात चार शब्द सांगायचे होते. पण खुशालराव शेजारी होते, पंच होते, आणि 'कोणी फिरवली?' हा प्रश्न पुढे होताच.

शेषरावांनी माझी बाही ओढली. 'काहून दिसत नाई भोक?'

मी म्हणालो, 'वारा असेल.'

झाडाचं पानही हलत नव्हतं. त्या माणसाने माझ्यावर विश्वास ठेवून मान डोलावली. आयुष्यात मी हजारो खोट्या शपथपत्रांवर शिक्के मारले असतील, पण ते खोटं लोकांचं होतं. हे माझं होतं.

चौथी गोळी गेली, पाचवी गेली. मागे खुशालराव मोठ्याने म्हणाले, 'पोट्टीले धास्ती भरली. श्वास रोक म्हणा तिले.' ताईंनी घड्याळ पाहिलं आणि त्या उठून पंचांशी बोलल्या. साधनाने हात वर केला, रायफल रिकामी करून दाखवली आणि मागच्या बाकावर आणली. ताईंनी चष्मा वर केला. घुंडीच्या बुडाशी वाळलेलं कुंकू होतं. त्यांनी केसातला आकडा काढून ते खरवडलं. आत एका रेघेच्या जागी दोन रेघा निघाल्या.

'पन्नास क्लिक. तीन सेंटिमीटरने दीडशे. दीड मीटर वरून जाऊन राहिल्या गोळ्या,' ताई म्हणाल्या. 'एक फेरा मागे घे. पटकन.'

सरावाची दोन मिनिटं उरली होती. एक गोळी मिळाली. ती उजवीकडे आठच्या कड्यात लागली. मग शिट्टी झाली आणि मोजणी सुरू झाली. पोरीने पहिल्या दोन गोळ्यांना सात-सात घेतले. तिसरीपासून ती सावरली. नऊ, दहा, नऊ, दहा. ताई एकेक आकडा वहीत लिहीत होत्या. शेवटी साधना एकशे चौऱ्याऐंशी. अकोल्याची जुईली एकशे पंच्याऐंशी. पहिली अचलपूरची अदिती, ती कितीतरी पुढे. साधना तिसरी.

एका गुणाने. खुशालराव म्हणाले, 'देवाची मर्जी,' आणि नाश्ता कुठे आहे ते विचारायला गेले. पोरीचं वर्ष गेलं आणि या माणसाला पोह्यांची पडली होती. त्यांची शिसारी आली मला. आणि ती येऊनही मी शांतपणे उभा होतो, म्हणून स्वतःची अधिक आली.

ताईंनी सगळ्यांसमोर विचारलं, 'नवमीला घुंडीला हात कोणाचा लागला?'

मी वकील आहे, माझ्या तोंडाला गप्प राहता येत नाही. मी म्हणालो, 'पाहुण्यांनी थोडी फिरवली होती खरी.' अर्धसत्य, ते आमच्या धंद्यात सगळ्यात चांगलं चालतं.

ताई माझ्याकडे वळल्या. 'पाहुण्यांनी फिरवली असती तर भलत्या आकड्यावर सोडली असती. शून्यावर आणणारा माणूस जाणता आहे.' एवढं बोलून त्यांनी छत्री उघडली. परतीच्या गाडीत त्या पुढे बसल्या आणि बडनेऱ्यापर्यंत वहीतले आकडे तपासत होत्या. शेषराव आणि साधना तिकडूनच बार्शीटाकळीच्या बसला गेले.

दिवाळी झाली. फराळाचं माझ्या घशाखाली उतरलं नाही असं लिहिलं तर ते खोटं होईल, उतरलं. पण टेबलाशी 'माझ्यासमोर सही केली' हा शिक्का मारताना हात थबकायला लागला. एक दिवस दुपारी राजापेठेत गेलो. क्लास चालू होता. ताईंनी मला शेवटच्या बाकावर बसायची खूण केली आणि नववीच्या पोरांना त्रैराशिक संपवेपर्यंत चाळीस मिनिटं तिथेच ठेवलं. पोरं गेल्यावर मी उभा राहिलो आणि पाठ केलेली माफी सुरू केली.

'मला माहीत आहे,' त्या म्हणाल्या. 'अकोल्यातच माहीत होतं. तुम्ही येता का, ते बघून राहिले होते.' ड्रॉवरमधून त्यांनी दोन नंबरचं कार्ड काढलं. 'माफी माझ्याकडे नका मागू. माझं काय गेलं? हे कार्ड मुलीचं आहे. तिच्यासमोर भरा.'

दुसऱ्या दिवशी क्लबला राजीनामा टाकला आणि अकोल्याहून बस बदलून बार्शीटाकळीला गेलो. साधना वावरात होती. हातांना खाज येऊ नये म्हणून बापाचा जुना शर्ट बाह्या खाली करून घातलेला, कमरेला भेंडीची ओटी. शेषराव पलीकडच्या सरीत होते. त्यांनी हात जोडून 'या वकीलसाहेब, पाणी आणतो' म्हटलं आणि विहिरीकडे गेले. मला वाटलं हे बरं झालं.

मी तिला सगळं सांगितलं. पाहुणे, शून्य, शाबासकी, आणि वारा. वाऱ्याचं सांगताना मी खाली बघत होतो. ती ऐकत ऐकत भेंडी तोडत होती. देठाशी कट, कट.

'कार्ड आनलं?' तिने विचारलं.

मी दिलं. तिने हात शर्टाला पुसून ते उलटंसुलटं पाहिलं. एका बाजूला कुणाच्यातरी लग्नाचा गणपती, दुसऱ्या बाजूला तिच्या सह्यांची रांग, आणि खाली एक ओळ कोरी.

'भरा,' ती म्हणाली.

मी गुडघ्यावर कार्ड ठेवलं. तारखेत नवमीची तारीख लिहिली. 'कोणी' या रकान्यात माझं पूर्ण नाव लिहिलं, गोपाळकृष्ण पांढरीपांडे, कोर्टातल्यासारखी लफ्फेदार सही केली आणि कार्ड तिच्याकडे केलं. तिने ते घेतलं नाही.

'मधातला रकाना ऱ्हायला काका. किती फिरवली?'

मी आठवायचा प्रयत्न केला. दहा, पंधरा, वीस. तिच्यासमोर अंदाज सांगायची माझी छाती झाली नाही.

'मोजले नाहीत,' मी म्हणालो.

'मंग तसंच लिवा,' साधना म्हणाली, आणि पुढच्या झाडाकडे सरकली.

विहिरीकडून शेषराव तांब्या घेऊन येत होते. ते पोचायच्या आत मी मधल्या रकान्यात लिहिलं: मोजले नाहीत.